झोपेची राखण

समुपदेशक बाईंच्या हातातली पेन्सिल आधी थांबली. मग तिचं टोक वहीच्या पानावरून तिरकं घसरत दोन सेंटिमीटर खाली आलं आणि मागे केसासारखी बारीक राखाडी रेघ उमटली. पापण्या त्याच्याही आधी मिटल्या असाव्यात. चष्म्याच्या काचांत समोरची खिडकी दिसत होती, त्यामुळे ते लगेच कळलं नाही. हनुवटी एकदा खाली आली, सावरली, पुन्हा खाली आली आणि तिथेच राहिली. श्वासाची लय बदलली. हे सगळं अकरा सेकंद चाललं. समोरच्या खुर्चीतल्या तिनं ते मुद्दाम मोजले नव्हते. पण एकतीस वर्षं वजनमापांच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाच्या डोक्यात एक घड्याळ आपसूक चालत असतं. ते कुणाच्या सांगण्यावरून सुरू होत नाही आणि बंदही होत नाही.

त्या अकरा सेकंदांत आपण स्वतः काय करत होतो, हे तिला नंतर बसथांब्यावर उभं असताना एकेक करून आठवत गेलं. ती वाचत होती. पंचावन्नाव्या वर्षी तिसऱ्यांदा चालून आलेल्या एका कामाला आपण नकार का द्यायला हवा, याची कारणं तिनं कागदावर टाइप करून आणली होती, आणि चौथ्या कारणाच्या मध्यावर तिला ती पेन्सिल घसरताना दिसली. ती एकदम थांबली नाही. एकदम थांबलं की झोपलेलं माणूस दचकतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं आवाज आधी थोडा खाली आणला, मग आणखी थोडा, शब्दांमधली अंतरं वाढवली, शेवटचे दोन शब्द नुसते ओठांनी म्हटले आणि मग गप्प झाली. कागद वाजू नये म्हणून तो मांडीवर दोन्ही तळव्यांखाली सपाट धरला. एक पाय दुसऱ्या पायावर होता, तो उतरवला नाही, कारण ती खुर्ची करकरते हे तिला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. आणि या सगळ्यात तिला राग आला नव्हता, हे नवल. उलट छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं हळूहळू पसरत गेलं होतं. हे काम आपल्याला येतं, असं तिला वाटलं होतं. वर्षभर या खोलीत येऊन बसताना आपल्याला येणारं एखादं काम इथे आहे असं तिला प्रथमच वाटलं.

बाई जाग्या झाल्या त्या या शांततेनंच. त्यांनी डोळे उघडले, वहीवरची रेघ पाहिली, तिच्याकडे पाहिलं. सावरासावर केली नाही, चष्मा पुसण्याचं निमित्त केलं नाही.

"मला झोप लागली," त्या म्हणाल्या. "माफ करा. वेळ तुमचा होता आणि मी झोपले. कारण आहे, पण ते तुमच्या वेळेत सांगत बसणार नाही."

तिनं घाईघाईनं, अहो त्यात काय, दमायला होतंच, असं काहीबाही म्हटलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण घेतलं नाही. पुढे केलेली वाटी हातानं अलगद मागे सारावी तसं. किती वेळ झोपले, असं त्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली, अकरा सेकंद. बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्या हसू लागल्या, आणि त्यांचं हसू पाहून तीही. दोघींना बराच वेळ थांबता आलं नाही. हसता हसता तिच्या लक्षात आलं की कुणी आपली अशी माफी मागितल्याचं आपल्याला आठवत नाही. चूक कबूल करायची आणि तिचा भार समोरच्यावर टाकायचा नाही, एवढं साधं काम. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारतात, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करतात, तसं. खोडरबर तिथे चालत नाही. माणसांत सगळीकडे खोडरबरच चालतं.

"तुम्ही मला उठवलं नाहीत," बाई मग म्हणाल्या. "आवाज हळूहळू बारीक करत नेलात. झोपेतही कळलं मला ते. इतका सफाईदार हात एका दिवसात बसत नाही. कुणाच्या झोपेची राखण करायचात तुम्ही?"

ताईचं नाव या खोलीत पूर्वी निघालं नव्हतं असं नाही. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं वाढवलं, असं तिनं दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. अहवालाच्या सुरुवातीला वापरलेल्या उपकरणांची यादी एका ओळीत उरकावी तसं. आता तिच्या डोळ्यांसमोर ती ओळ उघडली आणि आत एक अख्खी खोली निघाली. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची आणि ताई अठरा. वडील लांबच्या कामावर असायचे. आधी ते येईनासे झाले, मग त्यांची पत्रं. ताईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली आणि तिनं रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे धाकटी शाळेतून येईल तेव्हा घरात कुणीतरी असेल. ते कुणीतरी झोपलेलं असे. साडेबाराला शाळा सुटायची आणि चार वाजता ताईचं गजराचं घड्याळ वाजायचं. मधले साडेतीन तास, एकच खोली, मध्ये पडदा, पडद्यापलीकडे ताई. पहिल्या महिन्यातच तिला कळलं की दारापासूनची तिसरी आणि सातवी फरशी हलते. पुस्तकाचं पान खालून उलटलं तर सळसळतं, वरच्या कोपऱ्याला धरून उचललं तर नाही. चमचा ताटात ठेवायचा नाही, दुमडलेल्या फडक्यावर ठेवायचा. शिंक येणार असं वाटलं की वरच्या ओठावर बोट दाबून धरायचं. गळक्या नळाचा थेंब बादलीत पडताना जो आवाज व्हायचा त्यावर उपाय सापडायला मात्र तिला दोन आठवडे लागले: नळाच्या तोंडाला सुतळी बांधायची आणि तिचं दुसरं टोक बादलीच्या तळाशी सोडायचं. पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतं. तो तिच्या आयुष्यातला पहिला शोध. आणि पहिलं मापन म्हणजे ताईचा श्वास. ताई झोपली की नाही हे कसं कळणार, म्हणून ती पडद्याशी बसून घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजायची. मिनिटाला चौदा. चौदा आले की निर्धास्त. शेजारच्या काकू एकदा ताईला म्हणाल्या होत्या की तुमच्या घरात मूल पाळलंय की मांजर, पत्ता म्हणून लागत नाही. त्या दिवसापासून ताई तिला मुंगी म्हणू लागली. तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

हे सगळं तिनं बाईंना सांगितलं, कागद खाली ठेवून, क्रम चुकवत, मध्येच मागे जात. त्या खोलीनंच आपल्याला पोटापाण्याला लावलं, असं ती म्हणाली. चोविसाव्या वर्षी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी तिला पदवीबद्दल फारसं विचारलं नाही. तराजूच्या खोलीत नेलं आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत चालून दाखव म्हणाले. स्वतः तराजूच्या काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं. त्या खोलीत माणूस आला की त्याच्या अंगच्या उष्णतेनं हवा हलते आणि तराजू डळमळतो. एक किलोच्या वजनाला उघडं बोट लागलं तर बोटाच्या ठशानं ते जड होतं, म्हणून ते चामडं लावलेल्या चिमट्यानंच उचलायचं, ठेवायचं, आणि मग आपण बाहेर जायचं. दार लावायचं, तासन् तास थांबायचं. आपण खोलीत नसलो की वजन खरं सांगतं. इतरांना हे शिकायला वर्ष लागायचं. तिला ते येतच होतं. म्हणजे बघा, ती बाईंना म्हणाली, ताईनं मला खायला घातलं, शाळेत घातलं, आणि वर झोपता झोपता धंदाही शिकवला. तिचे उपकार कसे फिटणार?

बाईंनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग त्यांनी विचारलं की त्या साडेतीन तासांत मुंगीला काही बोलायचं असलं तर ती काय करायची. ती म्हणाली, चारपर्यंत थांबायची. आणि चार वाजले की? चार वाजले की ताई उठायची, तिची घाई असायची, स्वयंपाक, धुणं, कामावर निघायची तयारी. मग विसरायला व्हायचं. काय विसरायला व्हायचं, असं बाईंनी विचारलं. तिनं खाली ठेवलेला कागद उचलून त्याची घडी घातली, आणि तास संपला.

मुळात ती इथे आली होती ती एका वजनामुळे. गेल्या वर्षी तराजूच्या खोलीत एक मापन काही केल्या स्थिर होईना. तिनं दाराच्या फटी तपासल्या, तापमान पाहिलं, रस्त्यावर कुठे खोदकाम चालू आहे का याची चौकशी केली, तराजूखालच्या दगडी चौथऱ्याभोवतीची मोकळी फट झाडून घेतली. तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो ओला होता. दोष यंत्रात नव्हता. ती श्वास धरून रडत होती आणि तिला ते माहीतच नव्हतं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तात काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी या बाईंचा पत्ता दिला. ताईला तिनं सांगितलं की मानेचे व्यायाम घ्यायला जाते. गुरुवारी ती घरी आली की ताई मान कशी आहे विचारायची आणि वर म्हणायची की वर्ष झालं व्यायाम करतेस, पण मान काही वर होत नाही तुझी. बाईंकडेही ती प्रयोगशाळेसारखीच गेली. दर आठवड्याची अस्वस्थता दहापैकी किती, रोजची नोंद, खाली सरासरी. बाई ते कागद आदरानं घ्यायच्या. अलीकडे एकदा त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. त्या मंगळवारी नऊ होते आणि ते सरासरीत धरलेच नव्हते. हा अपवाद आहे, तिनं सांगितलं. एखादं मापन फारच वेगळं आलं तर आम्ही ते वगळतो. कशाच्या आधारावर वगळता, असं बाईंनी अगदी सहज, माहितीसाठी म्हणून विचारलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण सापडलं तरच वगळता येतं. दार उघडं होतं, कुणी खोकलं, असं काही. कारण न शोधता आकडा टाकून देणं ही तिच्या धंद्यातली सगळ्यात मोठी लबाडी, आणि त्यासाठी तिनं हाताखालच्या माणसांना फैलावर घेतलं होतं. त्या मंगळवारी प्रमुखांनी तिला बोलावून ते काम तिसऱ्यांदा पुढे केलं होतं.

काम असं होतं. दुसऱ्या शहरात नवी प्रयोगशाळा उभी राहत होती आणि तिथली तराजूची खोली पायापासून बांधायची होती. काळ्या दगडाचा चौथरा, जो इमारतीला कुठेही टेकणार नाही, सरळ जमिनीत उतरेल, म्हणजे इमारतीचे हादरे वरच्या तराजूला लागणार नाहीत. त्याची जागा, जमिनीतली खोली, भोवतीची फट, सगळं ती ठरवणार. दोन वर्षं तिथेच राहावं लागणार. निवृत्तीला तीन उरली होती. पहिल्यांदा हे आठ वर्षांपूर्वी, सगळं नुसतं कागदावर असताना निघालं, तेव्हा तिनं घरगुती अडचण असं लिहून दिलं. ती अडचण त्या वेळी ठणठणीत होती आणि तीन मजले चढून रोज भाजी आणत होती. चार वर्षांपूर्वी पुन्हा निघालं, तेव्हा ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे केलं, जे आधीच होऊन गेलं होतं. दोन्ही वेळा ताईला तिनं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ताईनं जाऊ नको म्हटलं असतं की जा म्हटलं असतं, हे तिला माहीत नव्हतं, कारण विचारणं म्हणजे आपल्याला जावंसं वाटतं हे सांगणं. आता ताई सहासष्ट वर्षांची होती. जिने उतरताना कठड्याला धरायची. आणि प्रमुख म्हणाले होते की या वेळी सक्ती नाही, पण पुढची वेळही नाही, सोमवारी काय ते कळवा.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि ते किलोच्या लक्षात आलं. किलो म्हणजे तिच्याच विभागातला सहकारी, अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला किलो म्हणायचे आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्यानं चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि आपलं गाऱ्हाणं सुरू केलं. मॅडम, तुम्ही नाही म्हणालात की माझा नंबर लागणार. मी गेलो तर बायको म्हणेल सुटले, आणि माझं घर मोडेल. नाही गेलो तर प्रमुख म्हणतील हा कामचुकार. तेव्हा माझ्या संसाराचा विचार करून तरी जा. ती हसली. मग तो गंभीर होऊन म्हणाला की खरं सांगू का, मी चौथरा बांधला तर तो चांगलाच होईल, पण तुम्ही बांधलात तर तो शंभर वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नव्हती. ती कप घेऊन खिडकीशी गेली. गेले कितीतरी दिवस ती त्या फटीचा विचार करत होती, चौथरा आणि फरशी यांच्यामधल्या. वीस मिलिमीटर पुरतील की तीस ठेवाव्यात? रात्रपाळीचं गणित मांडून एखादं पोर सांभाळावं तसा कुणीतरी तो चौथरा सांभाळायला हवा, आणि ते कुणीतरी आपण असायला हवं, असं तिला वाटलं. आणि वाटल्याबरोबर नेहमीसारखी लाज वाटायला हवी होती, तिची ती वाट पाहत राहिली. लाज आली, पण उशिरा आली आणि दमून आली.

शनिवारी दुपारी ती बाजारातून परतली तेव्हा ताई खिडकीजवळच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती. कुशीत वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. दारातच तिचे हात आपोआप कामाला लागले: एका हातानं कडी धरून दार लोटणं, पिशवी जमिनीला टेकताना आधी तळ मग बाजू, टाच वर उचलून चप्पल काढणं. किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळलेला. तो टेबलावरच्या कापडावर ठेवायचा असतो. तिनं मुठीकडे पाहिलं. मग कापडाच्या शेजारी, उघड्या लाकडावर, वीतभर उंचीवरून तिनं तो जुडगा सोडून दिला.

आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा झाला.

"आज काय, भूकंप?" ताई डोळे न उघडता म्हणाली.

"झोपमोड झाली का तुझी?"

"कसली झोप अन् कसली मोड. मी जागीच आहे." ताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुझा पायरव नाही आला, किल्ल्यांचा आवाज आला. म्हटलं ही कोण बया शिरली घरात."

ती समोरच्या स्टुलावर बसली. आणि तिनं विचारलं, फारसं ठरवून नव्हे, की एक्स्चेंजच्या दिवसांत ती दुपारी घरात असायची तेव्हा ताईला झोप नीट लागायची का. ताई हसली. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली.

"खरं सांगू? नाही लागायची. तू आलीस की पडद्यापलीकडे अशी सामसूम व्हायची की माझा जीव टांगणीला. पोरगी आहे की गेली कुठे? पडली का, भाजलं का? लहान पोर आवाज करत नाही म्हणजे काय? मी आपली कान लावून पडून राहायचे. एखादं भांडं आपटलं असतंस ना, तर डाराडूर झोपले असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुझी धडपड बघत होते ना. नळाला सुतळी काय, चमच्याखाली फडकं काय. माझ्यासाठी करत होतीस सगळं. म्हटलं हिला वाईट वाटेल. मग आपले डोळे मिटून घ्यायचे, श्वास लांब घ्यायचे. तू पडद्याशी येऊन बसायचीस ते कळायचं मला."

म्हणजे मिनिटाला चौदा हे जागेपणाचे श्वास होते. तिच्या आयुष्यातलं पहिलं मापन, जे तिनं कधीच वगळलं नव्हतं, ज्यावर पुढची सगळी मापनं उभी होती, ते एका जाग्या मुलीनं तिला मोजायला म्हणून दिलं होतं. अठरा वर्षांची मुलगी, रात्रभर दुसऱ्यांचे फोन जोडून आलेली, पडद्याआड डोळे मिटून मिनिटाला चौदा श्वास घेत पडलेली, कारण पडद्याबाहेरच्या धाकटीला त्यानं बरं वाटतं. एका पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोघी एकमेकींची राखण करत बसल्या होत्या आणि झोपलं कुणीच नव्हतं. तिला वाटलं आता आपल्याला रडू येईल. पण आलं ते हसू, आणि ते इतकं वर आलं की तिला पोटाला हात लावावा लागला. ताई आधी बुचकळ्यात पडली, मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं ठेवणीतली आणखी एक गोष्ट काढली. तो गोदीतला कारकून आला होता ना मला मागणी घालायला, सगळ्यांना वाटतं मी तुझ्यासाठी नाही म्हटलं. तुलाही वाटतं ना? अगं, सारखा नाक ओढायचा तो. दोन वाक्यांत तीनदा. मी तुझं नाव पुढे केलं आणि सुटले. तुझे उपकारच आहेत माझ्यावर.

मग ताईनं सवयीनं विचारलं की मान कशी आहे, आणि तिनं सांगितलं की मानेला काही झालेलं नाही, ती एका बाईंकडे बोलायला जाते. ताईनं वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा मोडली.

"बोलायला? तू? आणि तिला ऐकू येतं?" पण हे म्हणताना ताईचा आवाज ओला झाला होता. "घरात माणूस नव्हतं का बोलायला?"

"होतं," ती म्हणाली. "पण ते झोपलंय असं मला वाटत होतं."

एवढं बोलणं त्या दिवसाला पुरेसं झालं. सोमवारचं ती बोलली नाही. बोलावं असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा तिला दिसलं की ताई तिच्याकडे नव्यानं बघते आहे, पुष्कळ वर्षं भिंतीला लावून ठेवलेलं कपाट पुढे ओढल्यावर त्याची मागची बाजू बघावी तशी. त्या नजरेखाली बसून राहणंच तिला बरं वाटत होतं. संध्याकाळी भांडी घासताना तिनं एक ताटली मुद्दाम जोरात ठेवली, तर आतून ताई ओरडली की कळलं, कळलं, आहेस.

रविवारी सकाळी चादरी धुतल्या आणि अकराच्या सुमारास त्या दोघी गच्चीवर वाळलेल्या काढायला गेल्या. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस सायकल उलटी ठेवून तिची साखळी बसवत होता. वारा होता. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. ताईनं दोन टोकं धरली, तिनं दोन, आणि दोघी मागे मागे जात चादर ताणू लागल्या. गेली कित्येक वर्षं दर रविवारी हे चाललं होतं, तरी आज तिच्या मनात प्रथमच आलं की हिचं दुसरं टोक कोण धरेल. खालच्या मजल्यावरची शिक्षिका धरेल, कपडे वाळत घालायच्या दोरीवर दुमडून ताई एकटीही घालेल, वाकडी येईल, चालेल. प्रश्न चादरीचा नव्हता हे तिला कळत होतं, पण चादरीपुरतं उत्तर मिळालं याचंही तिला बरं वाटलं. एक वाक्य तिनं तयार ठेवलं होतं. ऑफिस मला दोन वर्षांसाठी पाठवतंय, असं ते वाक्य. ते सोयीचं होतं. त्यात ती कुठे नव्हती. खोलीबाहेर जाऊन दार लावून घेतलेलं वाक्य. ताई ऑफिसला चार शिव्या देईल, प्रमुखाचा उद्धार करेल, आणि दोघी मिळून ऑफिसवर रागावून तिची बॅग भरतील. कुणाला काही लागणार नाही.

"सकाळपासून तोंडात काहीतरी धरून बसली आहेस," चादरीच्या त्या टोकावरून ताई म्हणाली. "गिळ नाहीतर बोल."

ती बोलली. नव्या प्रयोगशाळेचं, काळ्या दगडाचं, दोन वर्षांचं. वाऱ्यानं चादर फुगली आणि शब्द मध्येच कुठेतरी गेले.

"मोठ्यानं बोल. मला काही कळत नाही."

तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. इतकं की साखळी बसवणाऱ्या माणसानं मान वर केली. ताईच्या हातातली टोकं थोडी खाली आली. दोघींनी सवयीनं चादर उभी दुमडली, पुन्हा ताणली आणि आपापली टोकं धरून एकमेकींकडे चालत आल्या. ताईची बोटं तिच्या बोटांना लागली, खरखरीत, साबणानं कोरडी पडलेली. ताईनं टोकं तिच्या हातात दिली नाहीत. तशीच धरून उभी राहिली.

"पाठवतायत का तुला?" ताईनं विचारलं. आता ती इतकी जवळ होती की मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. "असं कसं पाठवतात या वयात? नाही म्हणता येत नाही का?"

तयार वाक्य समोर येऊन उभं राहिलं. ताईनंच त्याला दार उघडून दिलं होतं, प्रेमानं, नकळत, किंवा कदाचित कळूनही. डोळे मिटून लांब श्वास घ्यावा तसं. हो म्हटलं की झालं. आवाज खाली उतरायला लागला आहे हे तिला जाणवलं, आणि तिनं त्याला धरलं, आहे तिथेच ठेवलं.

"येतं, ताई. दोनदा म्हटलंय मी नाही, तुला न सांगता. आता म्हणायचं नाहीये. मला कुणी पाठवत नाही. मला जायचंय."